चार्जरचा लाल दिवा आणि इमारतीची हरवलेली अर्थिंग : पार्किंगमधील एका चार्जिंग सॉकेटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतले आहे. इमारत सुमारे पंचवीस वर्षे जुनी असून तळमजल्यावर खांबांमधले पार्किंग, जिन्याखाली मीटर रूम आणि वर पाच मजल्यांवर सदनिका अशी तिची रचना आहे. संस्थेची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. प्रस्तुत लेखक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक या नात्याने तपासणीसाठी आणि नंतरच्या कामावर देखरेख करण्यासाठी या प्रकरणात होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकाधारकाने विजेवर चालणारी कार घेतली. गाडीसोबत घरगुती तीन पिनच्या १६ अँपिअर प्लगवर चालणारा चार्जर मिळाला होता. असा चार्जर साधारण ३.३ किलोवॉट वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टला १४ ते १५ अँपिअर. घरातला गीझरही जवळपास एवढाच प्रवाह घेतो, परंतु तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र बॅटरी बरीच उतरलेली असेल तर रात्रभर, सलग सात-आठ तास तोच प्रवाह खेचत राहते. आपल्या घरातील वायरिंग, सॉकेट आणि स्क्रूचे जोड यांच्यावर इतका दीर्घ आणि अखंड भार टाकणारे दुसरे कोणतेही उपकरण सहसा नसते, आणि पुढे जे घडले त्याचा निम्मा भाग या एका वस्तुस्थितीतून आला.

संस्थेने ‘स्वखर्चाने चार्जिंग पॉइंट घेण्यास हरकत नाही’ असे एका ओळीचे पत्र दिले. नेहमीच्या वायरमनने सदनिकेच्या मीटरपासून पार्किंगमधल्या खांबापर्यंत, सुमारे ४० मीटर अंतरावर, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरी पीव्हीसी पाइपमधून ओढल्या, १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, आणि साधा घरगुती सॉकेट बसवला आणि हिरवी वायर मीटर रूममधल्या अर्थिंगच्या, म्हणजे दोषाचा प्रवाह जमिनीत नेणाऱ्या, लोखंडी पट्टीला जोडली. या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, बसवले गेले नाही.

पहिला निर्णय : दिवा हिरवा करणे

चार्जर प्लगमध्ये घालताच लाल दिवा लागला. माहितीपत्रकाप्रमाणे त्याचा अर्थ ‘अर्थिंग सापडत नाही’ असा होता. वायरमनने फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आणि अर्थ यांच्यामध्ये छोटा टेस्ट लॅम्प लावून पाहिला, तो लख्ख पेटला, आणि त्यावरून अर्थिंग चांगली असून चार्जरच जास्त नाजूक आहे असा निष्कर्ष त्याने काढला. मग सॉकेटच्या आत न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) आणि अर्थ या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा एक छोटा तुकडा जोडला. “काका, आता हिरवा दिवा लागला, बिनधास्त चार्ज करा,” असे सांगून तो गेला.

ही युक्ती अपवादात्मक नाही, म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवे. चार्जरच्या नियंत्रण पेटीतले सर्किट फेज आणि अर्थ यांच्यामध्ये अपेक्षित व्होल्टेज आणि मार्ग आहे का एवढेच तपासते. अर्थच्या पिनवर न्यूट्रल आणून दिला की तिला तो मार्ग सापडतो. तो मार्ग जमिनीतून येतो की सॉकेटमधल्या चोरट्या जोडातून, हे तिला कळण्याचा उपाय नसतो. टेस्ट लॅम्पची चाचणी फसवी ठरली त्याचे कारणही साधे आहे. १५ वॉटचा दिवा एका अँपिअरच्या पंधराव्या भागापेक्षा जास्त प्रवाह घेत नाही. अर्थिंगचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ३०० ओहम असला तरी एवढ्या प्रवाहाला त्यात वीस व्होल्टच कमी होतात आणि दिवा जवळपास पूर्ण पेटतो. दोष निर्माण झाल्यावर एमसीबी पाडण्यासाठी जो मोठा प्रवाह वाहावा लागतो, तो अशा अर्थिंगमधून वाहण्याची सुतराम शक्यता नसते.

समस्या कशी उघडकीस आली

पाच-सहा महिने गाडी सुरळीत चार्ज होत राहिली. एप्रिलच्या उकाड्यात एका पहाटे पहारेकऱ्याला प्लास्टिक जळाल्याचा वास आला. प्लगची एक पिन सॉकेटमध्ये वितळून चिकटली होती आणि सॉकेटची मागची बाजू काळवंडली होती. एमसीबी मात्र पडला नव्हता, आणि ‘एमसीबी असूनही जळाले कसे’ हाच प्रश्न घेऊन संस्थेच्या सचिवांनी तपासणीला बोलावले.

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गाडीमालकाला माहीत असायला हवे. एमसीबी प्रवाह मोजतो, सॉकेटचे तापमान मोजत नाही. येथे प्रवाह १४.५ अँपिअर होता, म्हणजे एमसीबीच्या मर्यादेच्या आतच. वायरचे टोक नुसते पीळ देऊन स्क्रूखाली दाबले होते. रोज गरम होणे आणि थंड होणे यामुळे तो स्क्रू सैल झाला आणि जोडाचा रोध वाढला. हा रोध अवघा ०.१ ओहम झाला तरी १४.५ अँपिअरला त्या एका बिंदूवर सुमारे २१ वॉट उष्णता निघते. जणू वायरींना डाख देण्याचे एक छोटे सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत रात्रभर चालू ठेवलेले असावे. शिवाय वायरही अपुरी होती. ४० मीटर जाऊन-येऊन सुमारे दहा व्होल्ट वाटेतच कमी होत होते आणि दीडशे वॉटच्या आसपास वीज पाइपमधल्या वायरी तापवण्यात खर्च होत होती.

सॉकेट उघडल्यावर तो न्यूट्रल-अर्थ जोड दिसला, आणि तपासणीची दिशाच बदलली.

तपासणीत काय सापडले

सदनिकेचा मुख्य स्विच बंद करून तो जोड काढला. पुन्हा पुरवठा दिल्यावर मीटर रूममधल्या अर्थिंगच्या पट्टीचे खऱ्या जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज मोजले, ते ६० व्होल्टच्या आसपास आले. डिजिटल मीटर कधीकधी भासमान व्होल्टेज दाखवतो, म्हणून कमी रोधाच्या टेस्टरने मोजमाप पुन्हा केले. आकडा खाली आला नाही. अर्थ टेस्टरने पट्टीचा रोध ३०० ओहमच्या घरात निघाला. पट्टी जिथे जमिनीत जाते तिथे खणून पाहिले, तेव्हा खड्ड्यातल्या पाइपला जोडणारा भाग गंजून पार तुटलेला आढळला. या इमारतीतील प्रत्येक सदनिकेच्या प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटमधली हिरवी वायर त्या पट्टीपर्यंत पोहोचत होती, आणि पट्टी जमिनीपर्यंत पोहोचत नव्हती. किती वर्षे ही स्थिती असेल हे सांगता येणार नाही.

मग ६० व्होल्ट कुठून येत होते? प्रत्येक सदनिकेची हिरवी वायर गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने तपासल्यावर पहिल्या मजल्यावरच्या एका घरातून सुमारे ०.२ अँपिअर प्रवाह पट्टीकडे येत असल्याचे कळले. त्या घरातल्या जुन्या गीझरचे एलिमेंट फुटले होते. त्या घरात आरसीसीबी नव्हता. घरातील आजींनी सांगितले की मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरातल्या नळाला झिणझिण्या येत असत, पण थंडीपासून त्या आपोआप थांबल्या.

त्या आपोआप थांबल्या नव्हत्या. थंडीतच पार्किंगमधल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोड बसला होता आणि त्यामुळे साऱ्या इमारतीची निराधार पट्टी एका सदनिकेच्या न्यूट्रलला बांधली गेली होती. गीझरची गळती त्या न्यूट्रलमधून परत जाऊ लागली, पट्टीचे व्होल्टेज उतरले, झिणझिण्या गेल्या, चार्जरचा दिवा हिरवा झाला, आणि सर्वांना सगळे ठीक वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सदनिकेचा न्यूट्रल मीटरच्या आधी कुठे सुटला असता, तर त्या घरातील फ्रिज, पंखे, दिवे यांच्यातून आलेली फेज या जोडातून गाडीच्या पत्र्यावर आणि त्याच वेळी इमारतीतील प्रत्येक गीझर, फ्रिज आणि धुलाई यंत्राच्या बाह्यांगावर पोहोचली असती. न्यूट्रल सुटणे ही आपल्याकडे दुर्मीळ घटना नाही. सॉकेट वितळला आणि वास आला म्हणून हे सारे वेळेत कळले.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच आहे. इमारतीत इतकी वर्षे कोणीही अर्थिंग मोजली नव्हती. रोज ती तपासणारे पहिले उपकरण म्हणजे हा चार्जर होता, आणि त्याने पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सदनिकाधारकाने स्वतःच आणला होता : चांगल्या प्रतीचा नवा सॉकेट बसवावा आणि ऑनलाइन मिळणारा, चार्जरला अर्थिंग असल्याचे भासवणारा अ‍ॅडॉप्टर लावावा. तो ताबडतोब नाकारला. अशा अ‍ॅडॉप्टरमध्ये सॉकेटमधल्या त्या तुकड्याचेच काम, फक्त नीटनेटक्या डबीत, केलेले असते. गाडीच्या सेटिंगमधून प्रवाह ८ अँपिअरपर्यंत कमी करून तूर्त काम चालवावे असेही सुचवले गेले. त्याने सॉकेटची उष्णता नक्की घटली असती, पण अर्थिंगचा प्रश्न जागच्या जागी राहिला असता. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत घरी चार्जिंग पूर्ण बंद ठेवून बाहेरच्या सार्वजनिक केंद्रावर जावे, असे ठरले.

खरी चर्चा झाली ती अर्थिंग कोणासाठी करायची यावर. गाडीपुरता एक स्वतंत्र अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, पार्किंगशेजारी घेणे सर्वांत स्वस्त आणि झटपट होते, आणि ‘गाडी त्यांची, खर्चही त्यांचा’ असे समितीतील काही सभासदांचे म्हणणे होते. खर्चाच्या दृष्टीने ते गैर नव्हते. परंतु तसे केले असते तर गाडीला खरी अर्थिंग मिळाली असती आणि उरलेली सगळी घरे त्याच तुटलेल्या पट्टीवर राहिली असती, कारण आता तो न्यूट्रलचा जोडही राहिला नव्हता. सचिवांनी बैठकीत मोजमापांचा तक्ता वाचून दाखवला आणि सभासदांना मीटर रूममध्ये नेऊन टेस्टरवरचा आकडा दाखवला. त्यानंतर वाद राहिला नाही. अर्थिंगचा खर्च संस्थेने आणि मीटरपासून सॉकेटपर्यंतच्या लाइनचा खर्च गाडीमालकाने करायचा, असा ठराव झाला.

७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर घ्यावा का, हाही प्रश्न होता. त्याला ३२ अँपिअर लागतात. गाडीचा रोजचा वापर ४० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे ३.३ किलोवॉटवर दोन-अडीच तासांचे काम. एवढ्यासाठी मोठा चार्जर आणि मोठा भार घेण्याचे कारण नव्हते. स्वतंत्र वीजजोडणीचाही विचार झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा दिली होती, आणि ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीने गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचाही हक्क दिला आहे. येथे असलेल्या मीटरवरच मंजूर भार वाढवून घेण्याचे ठरले.

केलेली कामे

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत २०१९ च्या दुरुस्तीने गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळ्या तरतुदी आल्या आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही हा विषय आहे. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतःचे स्वतंत्र सर्किट, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, गाडी पुरवठ्याच्या बिंदूपासून ५ मीटरच्या आत, एक्स्टेन्शन आणि अ‍ॅडॉप्टरला मनाई, आणि ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसलेल्या गळतीवर न्यूट्रलसह सर्व वीजवाहक वायरी तोडणारे, किमान ‘टाइप ए’ दर्जाचे संरक्षण, असा त्यांचा गाभा आहे. या तरतुदी चार्जिंग केंद्रांना उद्देशून लिहिलेल्या असल्या, तरी घरच्या पार्किंगमध्ये यापेक्षा कमी काही स्वीकारण्याचे कारण मला दिसत नाही. तिथे तर लहान मुले खेळत असतात.

अर्थिंगचे काम आयएस ३०४३ या संहितेप्रमाणे केले. पुण्यात थोडे खणले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे एका पिटवर भागेल अशी खात्री नव्हती. एकमेकांपासून पुरेशा अंतरावर दोन पिट घेतले. भर उन्हाळ्यात एकाचा रोध ९ ओहम आणि दुसऱ्याचा १२ ओहम आला, दोन्ही जोडून सुमारे ५ ओहम. हे काम मेमध्ये झाले ते बरे झाले, कारण पावसाळ्यात ओल्या जमिनीवर घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो. जुनी पट्टी काढून गॅल्व्हनाइज्ड पट्टी बसवली आणि सर्व सदनिकांच्या हिरव्या वायरी एक-एक करून पुन्हा जोडल्या.

५ ओहम हा चांगला आकडा असला तरी त्याच्या भरवशावर एमसीबी पडेल असे मानणे चूक ठरते. फेज गाडीच्या पत्र्याला लागली तर २३० व्होल्टला या अर्थिंगमधून जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहतील. २० अँपिअरचा ‘सी’ वर्गाचा एमसीबी तत्काळ पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो पडायला काही सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ घेईल, आणि तोवर पत्र्यात वीज खेळत राहील. आपल्याकडे जिथे ग्राहक स्वतःची अर्थिंग करतो, तिथे आरसीसीबीवाचून संरक्षण पूर्ण होत नाही ते यामुळेच. ३० मिलिअँपिअरचे उपकरण त्याच दोषाला सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पुरवठा तोडते.

नवी लाइन ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या आर्मर्ड केबलने ओढली. मीटरजवळ २० अँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले उपकरण, बसवला. खरेदीच्या वेळी दुकानातून आधी ‘टाइप एसी’ आला, कारण घरांसाठी सर्रास तोच विकला जातो. गाडीतल्या रेक्टिफायरमुळे, म्हणजे घरच्या एसी विजेची बॅटरीसाठी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज करणाऱ्या भागामुळे, गळतीत डीसीचा अंश असू शकतो आणि तो टाइप एसीला दिसत नाही. उपकरणावरच्या चौकोनात नुसती एक नागमोडी लाट असेल तर ते टाइप एसी. लाटेखाली अर्ध्या लाटांची दुसरी ओळही असेल तर टाइप ए. नितळ डीसी गळती ओळखून तोडण्याची सोय चार्जरच्या पेटीतच असल्याचे माहितीपत्रकावरून पाहून घेतले. ती नसती तर टाइप बी घ्यावा लागला असता.

घरगुती सॉकेटऐवजी १६ अँपिअरचा निळा औद्योगिक सॉकेट झाकणासह १.२ मीटर उंचीवर बसवला आणि चार्जरच्या पुरवठादाराकडून त्याला जुळणारा प्लग लावून घेतला, म्हणजे अ‍ॅडॉप्टरची गरज उरली नाही. वायरच्या टोकांना लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून घेतल्या. पहिल्या मजल्यावरचा गीझर तपासणीच्या दिवशीच बंद करायला लावला होता. पुढे त्या घराने तो बदलला आणि आरसीसीबीही बसवला.

निष्पत्ती

चार्जरचा दिवा आता खऱ्या अर्थिंगवर हिरवा लागतो. दोन तास सलग चार्जिंग झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले, तेव्हा प्लग हवेपेक्षा थोडासाच गरम होता. वाटेतली व्होल्टेजची घट दहावरून चार व्होल्टच्या आसपास आली. पट्टीवरचे व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या पलीकडे जात नाही. टेस्टरने ३० मिलिअँपिअरची गळती देऊन आरसीबीओची वेळ मोजली, ती मर्यादेत होती. महिन्यातून एकदा त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबण्याचे काम गाडीमालकाने स्वतःकडे घेतले आहे. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल संस्थेच्या दप्तरी लावला आहे.

काय वेगळे करता आले असते

संस्थेचे ना-हरकत पत्र हा सर्वांत सोपा थांबा होता. त्यात ‘परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंगचा रोध मोजून अहवाल जोडावा’ एवढी एक अट असती, तर तुटलेली पट्टी पहिल्याच आठवड्यात सापडली असती. गाडी विकणाऱ्याकडून आलेल्या तंत्रज्ञानेही सॉकेटचा फोटो आणि चार्जरचा दिवा यांपलीकडे काही पाहिले नाही. तेवढ्यावर ‘जागा योग्य’ असा शेरा देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

वायरमनविषयी कठोर बोलणे सोपे आहे. त्याच्याकडे अर्थ टेस्टर नव्हता, आणि त्याच्या अनुभवात टेस्ट लॅम्प पेटला की अर्थिंग चांगली. त्याचे चुकले ते पुढे. उपकरण नकार देत असताना त्याने नकाराचे कारण न शोधता नकार बंद केला. अशा वेळी ‘मला कळत नाही, मोजणारा माणूस बोलवा’ असे ग्राहकाला सांगणे त्याच्या हाती होते, आणि ग्राहकानेही लाल दिवा हिरवा कसा झाला हे विचारायला हवे होते. नळाच्या झिणझिण्यांची तक्रार पावसाळ्यातच संस्थेकडे आली असती, तरी शोध तिथूनच सुरू झाला असता. पण ओल आहे म्हणून होते असे घरातल्यांनी मानले, आणि असे मानणारी घरे खूप आहेत.

आमच्या बाजूने एक गोष्ट अपुरी राहिली आहे. प्रत्येक सदनिकेत आरसीसीबी बसवण्याची शिफारस समितीला दिली होती, परंतु घराच्या आतले काम संस्था सक्तीने करून घेऊ शकत नसल्याने ती निम्म्या घरांतच अमलात आली. दरम्यान आणखी दोन सभासदांनी चार्जिंगसाठी अर्ज केले आहेत. तिन्ही गाड्या रात्री एकदम लागल्या तर सुमारे १० किलोवॉटचा सलग भार येईल. मीटर रूममध्ये येणारी मुख्य केबल आणि तिचे जुने जोड तो सोसतील का, हे रात्रीच्या वेळी क्लॅम्प मीटर लावून मोजले जात आहे, आणि त्याचे आकडे हाती आल्याशिवाय पुढची परवानगी द्यायची नाही असे समितीने ठरवले आहे.